बोटांच्या कडा

बाई खुर्चीत बसल्या आणि पिशवीतून वही काढली. ती उघडण्याआधी डिटेक्टिव्हने डोळे चोळले. घरगुती प्रकरणांचा त्याला कंटाळा आला होता. त्यात गुन्हेगार सापडला तरी कुणालाच बरं वाटत नाही.

"मुलगी नऊ वर्षांची. मधुमेह आहे," बाई म्हणाल्या. "वहीत साखर रोज शंभर-सव्वाशे. पण तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी भलतीच वाढलेली, वजनही घटतंय. डॉक्टरांना वाटतं मी डोस चुकवते. असंच चाललं तर जिवावर बेतेल म्हणाले."

"वहीच खोटी असेल," मेहुणा म्हणाला. दोन दिवसांसाठी आलेला हा मेहुणा सात वर्षं डिटेक्टिव्हकडे ठाण मांडून होता.

"साखर मोजायच्या मशीनमध्येही तेच आकडे आहेत. दवाखान्यात मशीन पडताळलं. इन्सुलिनही नवं आणलं."

"तपासतं कोण?" डिटेक्टिव्हने विचारलं.

"तिचे बाबा, आतल्या खोलीत. मला तिचं रडणं ऐकवत नाही. ते आकडा सांगतात, मी त्याप्रमाणे इन्सुलिन देते. हल्ली तीही रडत नाही. सवय झाली."

बाईंच्या घरी आजी आधीच फुरंगटून बसल्या होत्या. "एकदा नातीला चॉकलेट दिलं, तर सुनेने डबे कुलपात टाकले. विचारा, काय विचारायचं ते."

मुलगी पाण्याचा तिसरा पेला पीत होती. डिटेक्टिव्हने तिचे हात हातात घेतले. बोटं मऊ, गुळगुळीत होती.

"कुठे टोचतात गं?"

"बोटाच्या कडेला. नर्सताईंनी शिकवलंय. मध्ये जास्त दुखतं." तिने हात काढून घेतले.

बाबा शिंपी. शिलाई मशीनवर बाही जोडत होते. त्यांच्या बोटांच्या कडांवर बारीक काळे ठिपके दिसत होते.

"शिंप्याची बोटं," ते हसले. "सुई रोजचीच."

"आजीच," मेहुणा कुजबुजला. "चोरून गोड चारते."

डिटेक्टिव्हने सगळ्यांना बसवलं.

"गोड खाल्लं असतं, डोस चुकला असता, तरी मशीनने साखर वाढलेली दाखवली असती. मशीन बरोबर, वही बरोबर. मग रक्त कुणाचं?" तो बाबांकडे वळला. "शिवताना सुई लागते ती टोकाला, तीही एखाद-दोन बोटांना. तुमच्या दहाही बोटांच्या कडा टोचलेल्या आहेत. मुलीचं एकही बोट नाही."

बाबांनी मान खाली घातली. "एकदाच करणार होतो. ती पाय धरून रडत होती. त्या दिवशी आकडा चांगला आला आणि तिची आई कितीतरी दिवसांनी हसली. मग खरं सांगायचा धीरच झाला नाही."

"म्हणजे तुमची साखर बघून मी तिला डोस देत होते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढायला अंगात त्राणच नव्हतं.

त्यांनी मुलीचं बोट टोचलं. ती जोरात रडली. आकडा आला तीनशे चौऱ्याऐंशी. बाईंनी डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले तसा डोस दिला आणि लगेच घेऊन येतो म्हणाल्या.

बाबा दाराशी चपला हातात घेऊन उभे होते. त्यांना वाटलं, आपल्याला नेणार नाहीत.

"चला," बाई म्हणाल्या. "आता टोचणार मी. तुम्ही तिला मांडीवर घ्यायचं, आणि रडली तर रडू द्यायचं."