बाहेरून कडी

ते मोबाईल ठेवा आधी खाली. आणि मध्येच फाटे फोडायचे नाहीत. माझा साडू टेम्पो चालवतो, त्याच्यावर ओढवलेली गोष्ट आहे ही. थापा मारत असेल म्हणाल, तर तेवढी अक्कल देवाने त्याला दिलेलीच नाही.

गेल्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार. कॉलेजात शिकवणाऱ्या एका मॅडमचं सामान हलवायचं होतं. शिकलेली, एकटी बाई, नोकरी पक्की. पण दर वर्षी घर नवं. प्रत्येक वेळी सामान नेलं साडूनेच. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "मॅडम, हे विंचवाचं बिऱ्हाड कशासाठी?"

"पहिल्या घरमालकीणकाकू रात्री माझ्या खोलीला बाहेरून कडी लावायच्या," मॅडम टेम्पोच्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "एकट्या पोरीची काळजी वाटते, म्हणायच्या. लावण्याआधी विचारायच्या, आत कोण आहे गं? म्हणून ते घर सोडलं. पुढे काकू वारल्या. पण कडी अजून लागते, दादा. जाईन तिथे."

भीती नाही, रडू नाही. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं बाईने.

नवं घर गच्चीवरचं. दार कोरं करकरीत आणि बाहेरून कडीच नाही. तेवढं बघूनच मॅडमनी ते घेतलं होतं. "एक रात्र तरी सुखाने झोपू दे," म्हणाल्या.

सामान लावता लावता रात्र झाली. साडू खाली टेम्पोतच आडवा झाला. डोळा लागतो न लागतो तोच फोन.

"दादा, दार उघडत नाही."

तो धावत वर गेला. नुसतं ढकललं, तर उघडलं! मॅडम पलंगावर बसलेल्या. "अहो, उघडंच तर आहे," म्हणत तो आत शिरला, चौकट चाचपायला.

दार मागे मिटलं.

खट्.

त्याने ओढलं. हलेना. पुन्हा ओढलं...

बाहेर कुणीतरी खाकरलं.

"आत कोण आहे गं?"

साडू ओरडणार, तेवढ्यात मॅडमनी त्याच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या,

"कोणी नाही, काकू. एकटीच आहे."

...

उजाडेपर्यंत दोघं तशीच बसून.

सकाळी दार आपसूक उघडलं. साडूने हात जोडले. "मॅडम, आत्ताच्या आत्ता सामान भरतो."

"नको, दादा. दमले मी आता. राहू दे."

बाहेर पडताना त्याने दार बाहेरून नीट बघितलं. कडी नव्हतीच. पण जिथे कडी असते, तिथला नवा रंग पार लाकडापर्यंत घासून गेला होता... वर्षानुवर्षं कुणाचा तरी हात फिरल्यासारखा.