खंडेरावकाकांची मोटर

देवाशप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा! एक जरी खोटा निघाला, तर माझ्या चहातली साखर कायमची बंद करा.

एकलहऱ्याची, वीज केंद्राची कॉलनी. वाळत घातलेल्या कपड्यांवर कायम राखेची बारीक पूड. तिथल्या शाळेत दोन हजार चार साली पोरांनी रोबोटची टीम काढली. सर नाहीत, मॅडम नाहीत. दहावीतला सोमनाथ कॅप्टन आणि सायकल स्टँडमागची पत्र्याची शेड हेच ऑफिस. नवीन कुणाला यायचं तर एक पार्ट आणायचा आणि दसऱ्याला रोबोट खडूच्या रेषेवर शेवटपर्यंत चालवून दाखवायचा. नाही जमलं, तर चालू लागा.

नववीतल्या उज्वलाला टीममध्ये शिरायचंच होतं. एकही मुलगी नव्हती ना, म्हणून तर जास्तच. ती गेली कुसाबाईंकडे. त्यांचे यजमान खंडेरावकाका शाळेची रिक्षा चालवायचे. उज्वला, सोमनाथ, दिनेश, सगळे त्याच रिक्षात बसून मोठे झालेले. 'दप्तर खांद्यावर, मगच गाडी', हा काकांचा कायदा. आदल्या वर्षी काका गेले, रिक्षा भंगारात गेली. वायपरची मोटर तेवढी कुसाबाईंनी ठेवून घेतली होती.

"ने बाई," त्या म्हणाल्या. "पण दसऱ्याला घरी आण हं. गाडी ओवाळायची असते."

"आणते काकू," असं म्हणून उज्वला पायरी उतरेपर्यंत विसरलीसुद्धा.

दसऱ्याच्या दुपारी शेडपुढे रेष आखली. सोमनाथने स्कूटरची बॅटरी जोडली. रोबोट कसला, चाकांवरची पत्र्याची पेटी! वर झेंडूची माळ, मागे लांबलचक वायर आणि वायरच्या टोकाला, उज्वलाच्या हातात, बटणं.

पेटी निघाली. झकास, सरळ. आणि वाटेत दिनेशसमोर येऊन थांबली.

"झालं! लावली रिक्षा स्टँडला," सोमनाथ हसला. "घरी जा उज्वले, पुऱ्या लाट."

उज्वलाने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात, तोच तिची नजर दिनेशच्या पायाशी पडलेल्या पान्या-पकडींच्या दप्तरावर गेली.

"दिन्या, दप्तर खांद्यावर घे."

"का?"

"घे ना रे!"

त्याने घेतलं. पेटी चालू लागली.



रेष संपली. "घेतली तुला," सोमनाथ हळूच म्हणाला.

पेटी मात्र थांबली नाही. उज्वलाचं बोट बटणावर नव्हतं.

गेटमधून बाहेर, डावीकडे, कॉलनीच्या रस्त्याला. पोरं वायर धरून मागे. गतिरोधक आला की पेटी हळू व्हायची. अगदी काकांसारखी.

कुसाबाईंच्या दारात येऊन थांबली.

दार उघडंच होतं. कुसाबाई ताट घेऊन उभ्या. निरांजन पेटलेलं.

"उशीर केलात."

"सॉरी काकू, मी विसरलेच."

"तुला नाही गं," पेटीला कुंकू लावत त्या म्हणाल्या.

मग सगळ्यांना पोटभर श्रीखंड-पुरी. उज्वला टीममध्ये आली, ती दहावी होईपर्यंत तिथेच रमली.

बरं, एवढं ऐकलंत म्हणून सांगते. एक गोष्ट मी पदरची घातली. स्कूटरची बॅटरी. ती सोमनाथच्या घरी चार्जिंगला लावलेली, तशीच राहिली होती.

पोरांना ते श्रीखंड खाताना आठवलं.