तिसरी सही

“शुक्रवारी मुदत संपते,” कॅसी स्टिडम दारातच म्हणाली. “सरकारी अनुदान नाही मिळालं तर माझं कॉलेज संपलं. महिनाभर अर्ज अडकलाय. ‘एक सही बाकी’ एवढंच दिसतं. माझी झालीय. बाबा म्हणतात, त्यांचीही झालीय.”

ओपल गेहार्टनं कोट चढवला. विमा कंपनीत तीस वर्षं तिनं खोटे दावे हुडकले होते. केंटकीच्या त्या खाणगावात कुणाचं काही अडलं की लोक अजून तिच्याकडे येत. शेजारचा व्हर्जिल तिची गाडी चालवायचा आणि हटकून भलत्यावरच संशय घ्यायचा.

“बापच,” स्टिडमांच्या अंगणात तो कुजबुजला. “बायको हिवाळ्यात वारली. आता पोरीलाही सोडवत नाही.”

स्वयंपाकघरात कॅसीची मावशी रोंडा घेवडा निवडत होती.

“तुला तिनं जायला नकोय म्हणे?” ओपलनं विचारलं.

“नकोच आहे. गेलेली पोरं परत येतात होय? पण अर्जाला हात लावायला मला माझाच पासवर्ड आठवत नाही, बाई.”

फळीवर वायरीला लावलेला गुलाबी फोन थरथरला. कोणी उठलं नाही.

“रोज नऊला कण्हतो मेला,” रोंडा म्हणाली.

“लॉरेटाचा आहे,” बायकोचं नाव घेत कॅसीचा बाप ड्वाइट दारातून म्हणाला. “बिल भरतो मी. तिचा आवाज आहे त्यात.”

“कर दोघं एकत्र भरायचात?” ओपलनं विचारलं.

“वेगवेगळा. तिचं पहिल्यापासून तसंच. आणि सही मी केलीय, ओपल. देवाशपथ.”

“केलीस. अडवलं कुणीच नाही.” ओपल खुर्चीत बसली. “सरकार आधी घरची गरज मोजतं. नवराबायको वेगळा कर भरत असतील, तर दोघांची संमती मागतं. मग तिसरी सही कुणाची? आणि गेलेल्या बाईला रोज ठरल्या वेळी कोण लिहितं? कॅसी, तो फोन उघड.”

एकतीस निरोप होते, सगळे सारखे. ‘लॉरेटा स्टिडम, तुमची सही बाकी आहे.’

“अर्जात विवाहित लिहिलंस ना, ड्वाइट?”

ड्वाइटनं मान हलवली. “दुसरा शब्द होता तिथं. त्यावर बोट जाईना.”

व्हर्जिलनं टोपी काढली. “माफ कर गड्या. मी तुलाच धरलं होतं.”

“मी दाबू का?” रोंडानं हलकेच विचारलं.

“नको. माझं मीच करतो.”

‘विधुर’वर बोट ठेवायला त्याला दहा मिनिटं लागली. कॅसी त्याचा खांदा धरून उभी होती. मग दोघांनी पुन्हा सही केली. अर्ज पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजले. फोन गप्प राहिला. ड्वाइट फळीपाशी थोडा थांबला, आणि वायर पुन्हा नीट खोचून कामावर गेला.