राणूच्या मरणाचं पान

मारणाऱ्यानं मल्लिनाथअण्णांच्या डोक्यात मागून कुऱ्हाड घातली. मग त्यांना ओढत नेऊन छपाईच्या यंत्राला टेकवून बसवलं, पाय फाकवले, उजव्या मुठीत घोंगडीचं टोक कोंबलं आणि दुसरा घाव डाव्या खांद्यात असा घातला, की कुऱ्हाड तिथंच रुतून बसली. मुरूमच्या त्या छापखान्यात भिंतीवर शिंतोडे उडाले होते आणि खाली रचलेले नवे अंक रक्तानं एकमेकांना चिकटले होते.

हे सगळं अमरसिंहला आरोपीची आई बानूबाई हिच्या तोंडून कळलं. तुळजापुरात एका लॉजच्या माडीवर दैवशालाताईंची कचेरी होती. हरवलेले यात्रेकरू शोधणं आणि सोयरिकीआधी मुलाची चौकशी करणं, हा ताईंचा रोजचा धंदा. अमरसिंह पोलिसातून निवृत्त झालेला हवालदार. तो ताईंची जीप चालवायचा आणि स्वतःच्या मते त्यांचं निम्मं डोकंही चालवायचा.

"माझ्या शिवराजनं न्हाय मारलं, ताई," बानूबाई म्हणाली. "अण्णाला बाप मानत व्हता त्यो. लोकांनी बरगड्या मोडल्या त्याच्या. आता पोलीस फासावर न्हेत्याल."

शिवराज 'माळरान चित्रकथा'चा चित्रकार. ही चित्रकथांची पुस्तकं अण्णा मुरूममध्येच छापत आणि जत्रांमध्ये खेळण्यांच्या पालाशेजारी सतरंजी टाकून विकत. शहरातल्या प्रकाशकांनी त्यांना हसून वाटेला लावलं होतं. पण त्यांचा नायक, राणू मेंढका, इकडच्या बोलीत बोलायचा आणि चिडला की कानडीत शिव्या द्यायचा. गावोगावच्या पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं. कुणापुढं हात न पसरता अण्णांनी प्रकाशन उभं केलं होतं.

थकल्यावर त्यांनी ठरवलं, की शेवटच्या अंकात राणू मरेल आणि प्रकाशन बंद होईल. यावरून शिवराज त्यांच्याशी भर बाजारात भांडला. "राणूला मारलं तर तुमाला जित्तं सोडणार न्हाय," असं तो बोलून गेला आणि तेच त्याच्या गळ्याशी आलं. कारण अण्णांना मारून बसवलं होतं ते हुबेहूब राणूच्या मरणाच्या पानासारखं. ते पान अजून छापलंही नव्हतं. पोलिसांच्या मते ते दोघांनीच पाहिलं होतं. एक मेला, दुसरा शिवराज.

मुरूमच्या फौजदारांनी ताईंना मूळ पान दाखवलं. ते अण्णांच्या कपाटात कुलपात सापडलं होतं. राणू बाभळीला टेकून बसला होता. कुऱ्हाड त्याच्या उजव्या खांद्यात रुतली होती, डाव्या मुठीत घोंगडी होती आणि डोळे सताड उघडे होते. अमरसिंहनं शेजारी प्रेताचा फोटो धरला.

"सेम टू सेम," तो म्हणाला.

मग ताईंनी छापखान्यात जाऊन फरशीवरचा डाग कितीतरी वेळ पाहिला. अमरसिंहला वाटलं, बाईमाणूस आहे, हबकली असेल.

अण्णांचा पुतण्या उत्कर्ष ढोकीला भेटला. खुनाच्या दिवशी तो कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभा होता, आणि रांगेतल्या सगळ्यांनी त्याला पाहिलं होतं. राणू एका कंपनीला विकायची त्याची इच्छा होती, हे त्यानं लपवलं नाही.

"पण चुलत्याला मारीन का म्या?" तो म्हणाला. "त्या दिवशी अण्णा सकाळीच तुळजापूरला गेलते. आले ते तणतणत. हातात कागदाची गुंडाळी व्हती. मला म्हणले, तू जा कारखान्यावर, मला एकाला सरळ करायचंय."

अमरसिंहनं ताडलं, तो एकजण म्हणजे शिवराजच. छापखान्यात अशी गुंडाळी सापडली का, हे ताईंनी फौजदारांना फोनवर विचारलं. सापडली नव्हती.

तुळजापुरात देवीच्या रस्त्यावर उमाशंकरचं टी-शर्टचं दुकान होतं. राणूची चित्रं छापायची परवानगी अण्णांनी त्याला दिली होती आणि दुकान राणूवरच चालायचं. त्यानं चहा मागवला, अण्णांच्या नावानं डोळे पुसले. त्या दिवशी अण्णा दुकानाकडं फिरकलेच नाहीत, असं तो म्हणाला. तो स्वतःही मुरूमला किती दिवसांत गेला नव्हता. आणि शेवटचं पान? अण्णांनी ते कुणालाच दाखवलं नव्हतं.

बोलता बोलता त्याचे हात चालूच होते. तो एक रंगीत कागद पांढऱ्या टी-शर्टवर पालथा घालत होता. शिवलेल्या गठ्ठ्यावर बसलेल्या अमरसिंहला त्यावरची अक्षरं काही लागेनात. कर्नाटकच्या सीमेजवळच्या मुरूमकडचा माणूस, कानडीत छापत असेल, असं त्यानं मनाशी ठरवलं. उमाशंकरनं तापलेला पत्रा वरून दाबला, कागद सोलला, आणि कापडावर स्वच्छ मराठीत उमटलं, 'आई राजा उदो उदो'. अमरसिंह मनातल्या मनात ओशाळला.

ताईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि फौजदारांना बोलावून घेतलं.

ते आल्यावर त्या म्हणाल्या, "चित्रात कुऱ्हाड उजव्या खांद्यात आहे. अण्णांच्या डाव्या. मुठीचंही तसंच. सगळं आरशात पाहिल्यासारखं उलटं. ज्यानं ते पान स्वतःच्या हातानं काढलं, रंगवलं, तो शिवराज असं चुकेल का?"

फौजदारांनी खिशातून फोटो काढला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"चुकला तो, ज्याच्यापुढं त्या वेळी उलटंच चित्र होतं. मूळ पान कुलपात होतं. पण अण्णांनी सकाळी तुळजापुरातून एक गुंडाळी नेली होती. टी-शर्टवर सुलटं उमटावं म्हणून कागदावर उलटं छापावं लागतं, हे आमच्या अमरसिंहांनी आत्ताच पाहिलं."

उमाशंकर हसला. "ताई, ते चित्रच म्या पाहिलं न्हाय."

"अमरसिंह, बाकी सगळा माल उघडा आहे. तुम्ही बसलाय तो गठ्ठाच तेवढा शिवलेला. उसवा तो."

अमरसिंहनं शिवण ओढली. आत टी-शर्टच टी-शर्ट होते आणि प्रत्येकाच्या छातीवर राणू मरून पडला होता, उजव्या खांद्यात कुऱ्हाड घेऊन.

पुढचं एका झटक्यात घडलं. उमाशंकरनं अमरसिंहचा हात धरून यंत्रात खेचला आणि तापलेला पत्रा दाबला. कातडी चरचरली. अमरसिंह गुरासारखा ओरडला. तसाच दुसऱ्या हातानं त्यानं उमाशंकरच्या तोंडावर असा ठोसा हाणला, की दात कागदांवर सांडले. फौजदारांनी त्याला जमिनीवर आडवा करून बेड्या घातल्या.

रक्त थुंकत त्यानं सगळं ओकलं. पान त्यानं अण्णांच्या कॉम्प्युटरवरून चोरलं होतं. अण्णांनी दुकानात येऊन कागद पकडले आणि संध्याकाळी त्याला मुरूमला बोलावलं.

"अण्णा म्हणले, राणू मरणार, आन् तू त्याच्या मढ्यावर धंदा करणार न्हाईस. आन् पाठ फिरवली. चित्रासाठी आणलेली कुऱ्हाड आन् घोंगडी तिथंच व्हती."

शिवराजची धमकी साऱ्या बाजारानं ऐकली होती. समोर कागद पडलाच होता. आळ शिवराजवर जावा म्हणून घाबरलेल्या डोक्यानं उमाशंकरनं कागदात दिसलं तसं अण्णांना बसवलं आणि तो उलटा आहे हेच विसरला. रोज उलटं पाहून पाहून त्याच्या डोळ्यांना ते सुलटंच वाटत होतं.

अमरसिंहचा हात बांधून घ्यायला दोघं सरकारी दवाखान्यात गेली. अण्णांचं शवविच्छेदन करणारी डॉक्टरीण तिथं भेटली. खांद्याच्या जखमेतून रक्त जोरात वाहिलं होतं, म्हणजे दुसऱ्या घावाच्या वेळी अण्णांचा श्वास चालू होता, असं तिनं हळू आवाजात सांगितलं.

शिवराज त्याच दवाखान्यात पडून होता. उशाशी बानूबाई बसली होती. दारावरचा पोलिसाचा पहारा उठला होता. सुटलास, असं ताईंनी सांगितल्यावर बानूबाईनं त्यांचे पाय धरले. शिवराज मात्र छताकडं बघत राहिला.

"ताई, एक इचारू?" तो कण्हत म्हणाला. "म्या चित्र काढलं म्हणून त्यानं दुसरा घाव घातला. त्यो घाव बसला तवा अण्णा जित्ते व्हते का?"

ताईंना खोटं बोलताना अमरसिंहनं कधी ऐकलं नव्हतं.

"नाही रे," ताई म्हणाल्या. "पहिल्या घावातच गेले होते ते. काही कळलं नाही त्यांना."

शिवराजनं अमरसिंहकडं पाहिलं. अमरसिंहनं मान हलवली.

"व्हय. डॉक्टरीणच म्हणली तसं," तो म्हणाला. तेव्हा कुठं शिवराज रडायला लागला.