डाव्या अंगाची कणीक

ही गोष्ट खरी आहे. विठ्ठलापुढे टाळ धरणारा माणूस मी, खोटं लिहून त्याच्यासमोर उभा कसा राहीन?

गेल्या माघातली दुपार. बेळगावातलं एक हॉस्पिटल.

बेळगुंदीचे कीर्तनकार महादेव आप्पा टेबलावर उताणे पडले होते. त्यांचे ठोके मधेच पिसाटल्यागत धावायचे. डॉक्टर मांडीतून तार हृदयापर्यंत नेऊन बिघडलेली जागा जाळणार होते.

आत जाताना त्यांची बायको गुणाबाई म्हणाली होती, "तुम्ही तरी धीर केलासा. आमचा रवळू भित्रा. तारीख मिळूनबी गेला न्हाय."

आप्पांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

रवळू तिचा धाकटा भाऊ, आप्पांचा मृदंगवाला. त्यालाही हाच आजार. पण तो भ्याला नव्हता.

"सप्ता होऊ दे रं, मग जा. तुझ्याबिगर कीर्तन रंगत न्हाय," असं म्हणून आप्पांनीच त्याला अडवलं होतं.

काल्याच्या कीर्तनात रवळू मृदंगावरच कोसळला, तो उठलाच नाही.

मृदंगाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावतात, कीर्तन संपलं की खरवडतात. रवळूची खरवडायची राहिली... तिथंच वाळली. आप्पांनी त्या मृदंगाला पुन्हा हात लावला नाही.

टेबलाशी डॉक्टर म्हणाले, "आप्पा, जागा सापडायला ठोके मुद्दाम वाढवतोय हं. घाबरू नका."

छाती धावू लागली...

आप्पांनी लय ओळखली.

गजर चढला की रवळू अशीच पळवायचा.

"रवळू, थांब रं..."

"कोण रवळू?" डॉक्टरांनी विचारलं.

आत चटका बसला. ठोके ताळ्यावर आले.

कानातला मृदंग मात्र थांबला नाही...

संध्याकाळी सिस्टर छातीवरच्या चिकटपट्ट्या काढताना थबकली.

"आक्का, हे काय लावलंय यांना?"

डाव्या बाजूला... वाटोळी, ओली कणीक. वर बोटांचे ठसे.

"अवो, हितं पीठ कुठनं आलं?" गुणाबाई नखानं खरवडू लागली.

आत्ताच सांगून टाकावं. आप्पांनी तोंड उघडलं... आणि पाणी मागितलं.

घरी येऊन त्यांनी मृदंगाची खोळ सोडली.

वाळलेली कणीक नव्हती. खाली भुगाही नाही.

डॉक्टर म्हणतात, हृदय ठणठणीत. पण आप्पा कीर्तनाला उभे राहिले की सदरा डावीकडे ओला होतो.

हे त्यांनी फक्त मला सांगितलं. गुणाबाई अजून म्हणते, "भित्रा व्हता माझा भाऊ." आप्पा खाली बघतात. आता मीही.

परवा आंघोळीला मी सदरा काढला...

छातीवर डावीकडे बोटाला काहीतरी चिकट लागलं.