मोकळ्या हातांची वाट

झऱ्याच्या तोंडाशी साचलेली माती उपसायची, एवढ्यासाठीच तिघं निघाले होते. पंधरा दिवस वस्तीच्या हौदात गढूळ धार पडत होती आणि मंगलची दोन वर्षांची वैष्णवी पोटानं हैराण झाली होती. पुढे मंगलचे सासरे आसाराम, मधे ती, मागे बिभीषण. हा बिभीषण दर रविवारी बीडहून डोंगर चढायला माणसं आणायचा. आज मदतीला म्हणून आपणहून आला होता.

पायथ्याशी आसारामांनी एक दगड खांद्यावर घेतला. मंगलनंही घेतला. बालाघाटाच्या या कड्यावर मोकळ्या हातानं कुणी चढत नसे. वर जाताना एक दगड न्यायचा आणि वाट खचली असेल तिथं बसवायचा. अशाच दगडांवर ती नागमोडी वाट पिढ्यान्‌पिढ्या टिकली होती.

"मी पण घेऊ का एक?" बिभीषणनं विचारलं.

"आता कावून? दोन वर्षं न्हाई घेतला," आसाराम म्हणाले. "आमच्या सूनबाईनंच सांगितलं व्हतं, पाव्हण्याला वजं देऊ नये म्हणून."

मंगलनं खांद्यावरचा दगड सावरला. खरंच होतं ते. चहा पाजून, हसून, तिनंच पाहुण्यांचे हात मोकळे ठेवले होते.

तिसऱ्या वळणावर वाटच उरली नव्हती. पाहुण्यांनी वळणं टाळून सरळ चढ धरला होता. त्यांच्या दातेरी बुटांनी गवत सोललं, काठ्यांच्या लोखंडी टोकांनी जमिनीची चाळण केली आणि पावसानं तिथं कमरेइतकी घळ पाडली. घळीतला मुरूम पलीकडे, जरा खाली, थेट झऱ्यात उतरत होता.

"मी होतो पुढं," म्हणत बिभीषणनं काठावर काठी रोवली.

काठ हलला. काठी गेली. बिभीषणही गेला! पाठीवरच्या जड सॅकनं त्याला उलटं ओढलं. मंगलनं दगड टाकला, पालथी पडली, त्याचं मनगट धरलं. आसारामांनी कमरेला गुंडाळलेलं दावं सोडून सालईच्या बुंध्याला वेढलं, दुसरं टोक फेकलं.

"पिशवी सोड बे. जीव घेती ती."

सॅक गडगडत गेली. पाठोपाठ ढेकळं. बिभीषण वर आला, अंगावरची माती झटकली.

"पन्नासच पावलं राहिलीत," तो झऱ्याकडं बघत म्हणाला.

"पन्नास पावलं पडली की पन्नास घमेली माती झऱ्यात पडंल," आसाराम म्हणाले. "चल माय, माघारी. आधी ही घळ भरावी लागंल. खालून वर."

"किती दिस लागतील, मामा?"

"आपल्या दोघांच्या हातानं? वैष्णवी नांदायला जाईल तवर."

दोन दगड घळीच्या तोंडाशी बसवून ते उतरले.

रविवारी साठ जण आले. बिभीषणनं मोबाइलवर घळीचा व्हिडिओ टाकला होता, वर 'थरारक' असं लिहून. मंगल पायथ्याशी दगडांचा ढीग घालून उभी होती.

"एकेक घ्या वर जाताना," ती म्हणाली.

"ताई, पाठीवर आधीच दहा किलो आहेत," एक पोरगी हसली.

बिभीषणनं तेवढा एक उचलला, फोटो काढून घेतला आणि पहिल्याच वळणावर ठेवून दिला. घळ टाळून सगळे शेजारच्या कोऱ्या गवतातून सरळ वर गेले.

संध्याकाळी मंगलनं लुगड्याचा पदर चौपदरी करून घागरीच्या तोंडावर धरला आणि गढूळ पाणी गाळून पेल्यात ओतलं. वैष्णवी पेला घेऊन तिच्या मांडीला टेकली.

"थांब गं बाई," मंगल तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "गाळ खाली बसू दे जरा."

पोर शहाणी. पेल्यात बघत थांबली.