फायरप्लेसमागचा बंब

११ जानेवारी २०२५, शनिवार. अल-खोबर, सौदी. सकाळी बारा अंश, समुद्राकडून वारा, हवेत बारीक धूळ.

डॉक्टर अहिल्या साळवींच्या भाड्याच्या बंगल्यातला जुना बॉयलर काढायचा होता. कुणा गोऱ्या इंजिनिअरने बांधून घेतलेलं घर. दिवाणखान्यात फायरप्लेस, तिच्या मागे भिंतीत चिणलेला लोखंडी बॉयलर. वर्षानुवर्षं बंद.

"आमच्या चिपळूणच्या बंबाचा थोरला भाऊच हा," डॉक्टर म्हणाल्या. "सिराजभाई, मुलांना शेकोटी पेटवायची घाई झालीय. हा निघाल्याशिवाय मी काडी लावू देणार नाही."

बॉयलरपासून छतावर जाड पाइप गेलेला. वर, स्लॅबपासून चार बोटं उंचीवर, त्याची लोखंडी कॉलर, पाइपभोवतीची रुंद चकती. खालून पाइप कापला की कॉलर धाडकन स्लॅबवर बसते. कापायचा ग्राइंडर धरलेल्या हातात फोन राहत नाही, म्हणून आमचा नियम असा: खालच्याने पान्याने पाइपवर एक ठोका द्यायचा. वरून दोन आले तर कापायचं. तीन आले तर कॉलरखाली हात आहे, थांबायचं.

२००९ साली दम्माममध्ये मी उत्तराची वाट न पाहता कापलं. वर माझा मावसभाऊ तल्हा होता. उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला. तो गावी परतला आणि गेल्या रमजानमध्ये वारला. त्याने मला कधीच बोल लावला नाही.

आज वर जमालुद्दीनचाचा. वय साठ, गुरुवारी कायमचे श्रीवर्धनला जाणार.

"चाचा, बोटं मोजून चढा. चाचींना दहाच्या दहा परत द्यायचीत."

"तू तुझे कान सांभाळ. यल्ला, चल."

११:२० ला मी ठोका दिला. फायरप्लेसमध्ये डोकं घातलेलं, गार राखेचा आणि गंजाचा वास. बराच वेळ काही नाही. मग टक, टक. मी ग्राइंडर पाइपला लावला, बटणावर अंगठा ठेवला.

टक.

तिसरा. उशिराने, जरा दबका. तल्हा असाच द्यायचा, दोन सलग आणि एक रेंगाळून. त्यावरून मी त्याला किती वेळा झापलं होतं… आणि हा ठोका वरून आल्यासारखा वाटला नाही. माझ्या कानाशी, बॉयलरमधून आला.

ग्राइंडर ठेवून मी जिना चढलो. चाचा पालथे पडले होते, हात मनगटापर्यंत कॉलरखाली.

"चाचा!"

"ओरडतोस काय? दोन ठोके दिले आणि वाऱ्याने टोपी गेली ना आत. थांब, निघाली…" हात बाहेर काढून त्यांनी टोपी झटकली. "पण मी दोन दिले होते. तू कापलं का नाहीस?"

"तिसरा दिलात ना तुम्ही."

"तिसरा?" त्यांनी छतावरच्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. पाना टाकीवर होता, त्यांच्यापासून चार पावलं लांब. "दोनच, सिराज… दोनच दिले."

मी खाली आलो. पुन्हा ठोका, पुन्हा दोन. शंभरपर्यंत मोजलं. तिसरा आला नाही. ११:५० ला कापलं. वर कॉलर आपटली तेव्हा चाचांनी मोठ्याने कलमा म्हटला.

दुपारी भंगारवाल्याकडे कटर चालवणाऱ्या बंगाली माणसाने बॉयलरवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"भाई, अंदर कोई ठोक रहा है…"

मी कान लावला. मला काही ऐकू आलं नाही. चाचा गाडीतून उतरलेच नाहीत. बॉयलरला दोनच भोकं होती, एकेक इंचाची. मी उभा राहून तो मधोमध कापून घेतला.

आजची नोंद: बॉयलर भिंतीतून निघाला २:१५ ला. वजन ९४ किलो. चाचांची बोटं दहा. बॉयलर आतून कोरडा, तळाशी गंजाची सपाट धूळ, तिच्यावर एक ठसा. पट्टी लावून मोजला: तळवा साडेतीन इंच, अंगठा अडीच. उजवा हात. बोटं नाहीत.